पत्रिकेसोबत रिपोर्ट

१६ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून रोजनिशी. संस्थेत लागून महिना होत आला, प्रगती कुठेतरी नोंदवायला हवी.

वैजयंतीताई आमच्या प्रमुख. त्या म्हणाल्या, तरुण मुलामुलींशी लैंगिक आरोग्यावर बोलायचं तर आधी स्वतःचा संकोच जावा लागतो आणि त्याला वर्ष लागतं. मला नाही लागलं. मी पूर्ण मोकळी झाले आहे. एचआयव्ही, गुप्तरोग, पाळी, गर्भनिरोधन, सगळ्यावर न अडखळता बोलते. एकच शब्द अजून तोंडात बसत नाही. त्याला मी सध्या 'साधन' म्हणते. अर्थ तोच.

घरी सविस्तर सांगितलेलं नाही. आईवडिलांना, म्हणजे अव्वा आणि अप्पांना, वाटतं की मी तरुणांना आहार आणि हात धुणे शिकवते. हे खोटं नाही. सत्रानंतर आम्ही हात धुतो.

संस्थेची एक पद्धत आहे. दुसऱ्याला 'तपासून घे' म्हणण्याआधी कार्यकर्तीने स्वतः सिव्हिल हॉस्पिटलच्या केंद्रात जाऊन एचआयव्हीची तपासणी करून घ्यायची. सक्ती नाही, पण सगळ्यांनी केली आहे. मला पद्धत एकदम पटली. शाळेत जायच्या आधी अप्पांनी मला घरीच पाटीवर कन्नड आणि मराठी शिकवलं, आणि त्यासोबत एक नियम: लोकांना सांगशील ते आधी तू कर. तो मी आजवर मोडलेला नाही.

सोमवारी जाते.

१९ नोव्हेंबर

सोमवारी गेले नाही. सकाळी शिंक आली. सर्दीत रक्त दिलं तर निकाल बदलतो का, हे आमच्या पुस्तिकेत नाही. अर्धवट माहितीवर पाऊल उचलणं माझ्या स्वभावात नाही.

शब्दाचा सराव मात्र सुरू. कुकरच्या शिट्टीत मोठ्याने म्हणायचा, म्हणजे कुणाला ऐकू जात नाही. तिसऱ्या शिट्टीला सुरुवात केली आणि शिट्टी मध्येच थांबली. पहिलं अक्षर स्वयंपाकघरभर घुमलं. अव्वा म्हणाली, काय गं, काय म्हंलीस? मी म्हणाले, काही नाही, डाळ शिजली. वाफ जिरल्यावर अव्वाने झाकण काढून बघितलं आणि म्हणाली, कुटं शिजली? टनक हाय की.

पहिलं अक्षर स्पष्ट आलं. समाधानकारक.

२६ नोव्हेंबर, दुपारी ४

पहिलं स्वतंत्र सत्र! अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीनंतर. समोर सगळे तरुण कामगार. वैजयंतीताई सांगतात की श्रोत्यांच्या डोळ्यांत बघून बोला. मी समोरच्या घड्याळाकडे बघून बोलले, ते श्रोत्यांच्या डोक्यावरच होतं.

'साधन' फार कोरडं वाटेल म्हणून ऐनवेळी सुंदर उदाहरण सुचलं. गाडी काढताना आपण हेल्मेट घालतो. जवळ जायचं असलं तरी घालतो. ओळखीचा रस्ता असला तरी घालतो. दरवेळी नवीन घालतो. (इथे थोडी कुजबुज झाली.)

शेवटी लग्नाचा मुद्दा घेतला. आपण पत्रिका बघतो, गुण जुळवतो, मग दोघांनी रक्तही तपासून घेतलं तर बिघडलं कुठे? तपासणी म्हणजे संशय नव्हे, ती एकमेकांची काळजी. मुलीने स्वतः विचारावं, मुलाने स्वतः सांगावं. पत्रिकेसोबत रिपोर्ट! हे वाक्य माझं स्वतःचं आहे, पुस्तिकेतलं नाही.

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतला एकजण मान खाली घालून टाळ्या वाजवत होता, खांदे हलत होते. भावना अनावर झाल्या असाव्यात.

आभार मानताना तिथले सुपरवायझर म्हणाले की मॅडमनी रस्ता सुरक्षेवर छान मार्गदर्शन केलं, उद्यापासून गेटवर हेल्मेट सक्तीचं.

म्हणजे संरक्षणाचा संदेश पोचला. वाहन कुठलंही असो.

१ डिसेंबर, रविवार

जागतिक एड्स दिन. संस्थेची फेरी. वाटेत सोलापूरचा सात रस्ता चौक. सात रस्त्याला आमचे नातेवाईक चारही बाजूंनी राहतात. काकांचं दुकान, आत्याची सून, अप्पांचे मित्र. म्हणून बॅनर धरायची जबाबदारी मी स्वतःहून घेतली. बॅनर उंच धरला की मजकूर दुरून वाचता येतो. तो माझ्या कपाळापर्यंत येत होता, हा योगायोग.

वैजयंतीताई ओरडत होत्या, सिद्धेश्वरी, खाली घे, तुला पुढचं दिसत नाहीये. खरंच दिसत नव्हतं. एका रसवंतीच्या खुर्चीवर आपटले. पण डगमगले नाही.

२ डिसेंबर

पेपरात फोटो. बॅनर अगदी स्पष्ट. त्याखाली फक्त माझे पाय. अव्वाने पेपर बराच वेळ बघितला, मग घडी घालून ठेवला. काही ओळखलं नाही. कशी ओळखेल?

तपासणी: फेरीच्या गडबडीत राहिली. या आठवड्यात नक्की.

५ डिसेंबर

कॉलेजच्या गटात सत्र झालं. इथे मुली जास्त असल्याने आणखीच मोकळी बोलले. 'साधन' अकरा वेळा आलं असेल.

पायल नावाची हुशार मुलगी आहे. शेवटच्या वर्षाला. तिचं लग्न ठरत आलंय, मुलगा दिग्विजय, करकंबचा. उभी राहून म्हणाली, ताई, पत्रिकेसोबत रिपोर्ट हे ऐकायला भारी हाय, पण त्याला विचारायचं कसं? त्यो म्हणेल, माझ्यावर डाऊट घेतीस व्हय. तुमचं लग्न ठरेल तवा तुमी विचाराल का? खरं सांगा.

मी सगळ्यांसमोर म्हणाले की विचारीन. आणि त्याआधी स्वतःचा रिपोर्ट पुढे ठेवीन.

पायल म्हणाली, मग तुमचं झालं की मला सांगा. तुमी विचारलं की मी पण विचारते. तोवर साखरपुडा पुढं ढकलते.

जबाबदारी वाटते. एका मुलीचं आरोग्य माझ्या उदाहरणावर अवलंबून आहे. आदर्श होणं सोपं नसतं, पण मला ते जमतं.

११ डिसेंबर

दाक्षायणी मावशी स्थळ घेऊन आल्या. या आमच्या नात्यातल्या नाहीत, पण सोलापुरातली अर्धी लग्नं त्यांनी जमवली आहेत. मुलगा बसवराज, घरी त्याला बसू म्हणतात. टॉवेल कारखान्यात मेंटेनन्सला. मावशी म्हणाल्या, पोरगं लई गुणाचं, व्यसन न्हाय, बोलणं कमी, हसणं जास्त.

सोलापुरात टॉवेलचे कारखाने काय कमी आहेत? त्या बाबतीत मनात काही आणलं नाही.

फोटो बघितला. ठीक आहे. परत बघितला.

रविवारी बघायला येणार. त्याआधी तपासणी करून रिपोर्ट तयार ठेवायचा. शुक्रवारी सिव्हिल.

१३ डिसेंबर

शुक्रवारी सिव्हिलला गर्दी असते असं ऐकलं. गरजू लोकांची जागा अडवणं योग्य नाही.

पायलचा मेसेज: ताई झालं का? मी कळवलं: प्रक्रिया सुरू आहे.

१५ डिसेंबर, रविवार, संध्याकाळी ७

कार्यक्रम झाला. पोहे झाले. मग मावशी म्हणाल्या, पोरांना बोलू द्या की जरा, आणि आम्हाला गच्चीवर पाठवलं. अप्पांनी मागे दार उघडं ठेवलं.

मी सकाळपासून वाक्य पाठ केलं होतं. 'लग्नाआधी दोघांनी तपासणी करावी असं माझं मत आहे, तुमचं काय?' साधं, सरळ, सन्मानाचं. तोंड उघडलं आणि विचारलं, तुमच्याकडे पाणी कितव्या दिवशी येतं?

तो म्हणाला, पाचव्या. तुमच्याकडे?

आमच्याकडे चौथ्या. मग त्यावर बरंच बोललो. टाकी किती लिटरची, मोटर कुणाची.

मग तो म्हणाला, तुम्ही हेल्मेटबद्दल फार चांगलं सांगता. मी म्हणाले, धन्यवाद. कुणीतरी त्याला माझ्या कामाविषयी सांगितलं असावं. वाहतुकीचे नियम पाळणारा माणूस आहे, ही जमेची बाजू.

निघताना त्याने विचारलं, तुम्हाला मला अजून काही विचारायचं होतं का? मी म्हणाले, नाही. तो हसला.

पहिल्याच भेटीत तपासणीचा विषय काढणं हा समोरच्याचा अपमान ठरला असता. विश्वासाचं वातावरण आधी तयार करावं लागतं. पाण्याच्या विषयाने ते झालं.

आवाज चांगला आहे त्याचा.

१८ डिसेंबर

कमाल झाली!

दाक्षायणी मावशी आल्या. मुलाकडून होकार आहे, पण एक निरोप आहे. मावशींनी पदर नीट केला, चहा संपवला, आणि म्हणाल्या, मला तर बाई बोलायला बी कसं वाटतंय. पोरगा म्हणतोय, दोघांनी रक्त तपासून घिऊ. ते एचआयव्ही का काय ते. तिची इच्छा असंल तरच. तिची नसली तरी माझं मी दाखवतो म्हनला. मी म्हनलं, अरं बसू, चांगल्या घरची पोर हाय ती. तर हसतोय नुसता.

चांगल्या घरची पोर! अर्थातच! माझ्यावर संशय? ज्या मुलीला अप्पांनी पाटीवर वळण लावलं तिच्याकडे रक्ताचा दाखला मागायचा? मुलं वरवर शांत दिसतात, आतून अशी असतात. हसणं जास्त म्हणे! आता कळलं कशाला हसत होता.

मी आत निघून गेले. अव्वाने मावशींना विचारलं, अजून अर्धा कप टाकू का? अप्पा चष्मा पुसत बसले. धक्का बसला असणार बिचाऱ्यांना.

उत्तर तयार केलं आहे: 'आपले विचार जुळत नाहीत.' उद्या कळवते.

१९ डिसेंबर, सकाळी

दात घासताना आठवलं की 'तपासणी म्हणजे संशय नव्हे, ती एकमेकांची काळजी' हे मीच म्हटलं होतं.

पण ते सर्वसाधारण लोकांसाठी होतं.

सकाळी १०

तरीही उत्तर कळवलेलं नाही. अप्पांचा नियम आठवत राहतो. शिवाय त्याचा आवाज.

नकार कळवला तर पायलला काय सांगू? मला विचारलं गेलं आणि मी रागावले, असं सांगू? मग ती दिग्विजयला आयुष्यात विचारणार नाही.

ठरलं. जाते. सोमवारी.

२३ डिसेंबर, सोमवार

गेले! खरंच गेले. तोंडाला स्कार्फ, वर गॉगल, सोलापुरात स्कूटीवरची प्रत्येक मुलगी अशीच दिसते, आईसुद्धा ओळखणार नाही. केंद्राच्या दाराशी बाकावर बसले. आत एका मुलाचं बोट पुसत होते.

तेवढ्यात कानाशी आवाज: अय्या, ताई, तुमी!

पायल. सोबत लाजून लाल झालेला दिग्विजय. मी विचारलं, मला कसं ओळखलंस? म्हणाली, चपलेवरून की. जांभळी, वर पिवळं फूल, अशी चप्पल अख्ख्या सोलापुरात तुमी एकट्याच घालताय.

ती माझ्यासाठी थांबली नव्हती. म्हणाली, ताई, तुमची प्रक्रिया लई दिवस चालली, म्हणून म्या शेवटी विचारलं. तर म्हनला, चल, मला बी बघायचंच हाय. मग तिने विचारलं, तुमी इथं कशाला?

मी म्हणाले, पाहणीला.

तिला फार आनंद झाला. म्हणाली, मग ह्याला जरा समजावून सांगा. मी दिग्विजयला सगळं सांगितलं. संसर्ग झाल्यानंतर पहिले तीन महिने तपासणीत दिसेलच असं नाही, म्हणून धोका वाटला असेल तर पुन्हा तपासायचं. जेवणाने, हात मिळवल्याने होत नाही. निघालाच तर रोजच्या गोळ्या आहेत, माणूस नीट जगतो, संसार करतो. तो लक्ष देऊन ऐकत होता. इतकं चांगलं मी आजवर बोलले नव्हते.

मग आतून विचारलं, पुढचं कोण? माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, मी नाही, मी स्टाफ.

आणि घरी आले. एकंदर दिवस उपयोगी गेला.

२६ डिसेंबर

समजा.

नाही. पुढे लिहीत नाही.

२८ डिसेंबर

मावशींचा फोन. बसूच्या घरचे म्हणतात, संक्रांतीला सिद्धेश्वरांची जत्रा, त्याआधी काय ते सांगा. दुसरं स्थळ आलंय. मावशी म्हणाल्या, बसू दुसरं बघायला न्हाय म्हणतोय, पण आई ऐकंल किती दिवस?

मी म्हणाले, कामाचा व्याप आहे.

३० डिसेंबर

दुपारी अव्वा चटणीसाठी शेंगा सोलत बसली होती. मी पण बसले. न बघताच म्हणाली, उद्या सकाळी सिव्हिलला जाऊ. मी बी करते तपासनी.

मी विचारलं, कसली?

म्हणाली, ज्याची तू शिकवतीस तिची. पेपरात बॅनर दिसला, त्याखाली चप्पल दिसली. नव्या पेठेतनं म्याच आनली ती, मी वळखत न्हाय व्हय? महिना झाला, मी न् अप्पा वाट बघतोय, पोरगी कवा सांगती. तुजे अप्पा तर त्यो फोटू घिऊन सगळ्या गल्लीत फिरले. आमची पोरगी, ती बघा, बॅनरच्या मागं.

मी एक शेंग सोलली. ती रिकामी निघाली.

मग अव्वा म्हणाली, आन तुला सुईचं भ्या वाटतंय. शाळेत लस टोचायला आले तवा मास्तरांच्या टेबलाखाली बसलीस. मी म्हणाले, सुईचा काही संबंध नाही, तात्त्विक प्रश्न आहे. अव्वा म्हणाली, व्हय व्हय.

मग मी विचारलं. खूप हळू. म्हटलं, अव्वा, आणि समजा काही निघालं तर?

तिने शेंगांचं सूप खाली ठेवलं. निघालं तर गोळ्या असत्यात की. तूच त्या पोरांना सांगतीस नव्हं? तुला काय येगळा नियम हाय? सुम्ने चल.

अव्वा 'सुम्ने', म्हणजे गपचूप, म्हणाली की कन्नडमध्ये वाद संपलेला असतो.

३१ डिसेंबर

अव्वा ठेवणीतली नऊवारी नेसली, देवळात जाताना नेसते ती. बाकावर बसल्या बसल्या तिने शेजारच्या बाईला गाव विचारलं, अक्कलकोटची निघाली, कन्नड सुरू झालं. मग आतल्या समुपदेशक मॅडमना इतक्या मोठ्याने विचारलं की अख्खा कॉरिडॉर वळून बघायला लागला: बाई, ते कंडोम फुकट मिळत्यात म्हनं, ते कुटं?

मॅडमनी शांतपणे कोपऱ्यातला डबा दाखवला. कुणी मेलं नाही. एक म्हातारे गृहस्थ तर उठून डब्यापर्यंत जाऊन आले.

मग अव्वाने विचारलं, डास चावून होतो का? मी म्हणाले, नाही, डासाने होत नाही. मॅडम म्हणाल्या, बरोबर. म्हणजे माझं ज्ञान किती उपयोगी पडलं हे इथे नोंदवते.

सुई आली. माझ्या मुठीत अव्वाची एक बांगडी वाढवली. एवढंच आठवतं. मग मला पाणी दिलं.

दोघींचेही रिपोर्ट नीट. अव्वा म्हणाली, बघ, रडलीस उगं. मी रडले नव्हते, गॉगल गरम झाला होता.

दुपारी ३

बसवराजला फोन केला. पाठ केलेलं काहीही आठवलं नाही, सरळ विचारलं, तुम्ही तपासणी केलीत का?

तो म्हणाला, केली. तुमच्या सत्रानंतर दुसऱ्याच दिवशी. तुम्ही म्हणालात ना, पत्रिकेसोबत रिपोर्ट. आणि म्हणालात, मुलीने स्वतः विचारावं. गच्चीवर वाट बघत होतो. तुम्ही पाण्यावरून हलेचनात.

मी म्हणाले, त्या दिवशी मागच्या रांगेत तुम्ही होतात? मान खाली घालून?

म्हणाला, आमच्या सुपरवायझरला हसत होतो, ते हेल्मेटचं वहीत लिहून घेत होते. मग म्हणाला, थोडं तुम्हालापण. हेल्मेट दरवेळी नवीन, हे भारी होतं.

रागावणार होते. जमलं नाही.

६ जानेवारी, सोमवार

जत्रेआधी होकार गेला. अप्पांनी मावशींना पेढे दिले आणि सोबत तो पेपरातला फोटोही दाखवला.

वैजयंतीताईंना केंद्रातल्या मॅडमकडून अव्वाची कीर्ती कळली. त्यांनी आमच्या गल्लीच्या बायकांच्या भिशीत सत्र घ्यायला सांगितलं. वक्ता मी, सोबत अव्वा. मी ठरवलं की आज तो शब्द म्हणायचाच. उदाहरण नाही, 'साधन' नाही.

सगळ्या बायका बसल्या. मी घड्याळाकडे न बघता त्यांच्या डोळ्यांत बघितलं. म्हणाले, संरक्षणाचा सोपा उपाय म्हणजे कं...

आणि सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, कंडोम!

अव्वाने सकाळीच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. म्हणाली, म्हनलं, पोरगी अडली तर असावं.

मी म्हणाले, बरोबर.

पण सुरुवात माझी होती, हे कुणी नाकारू शकत नाही. पहिलं अक्षर अगदी स्पष्ट आलं.

संध्याकाळी बसवराजला कळवलं की आता मी या विषयात पूर्ण मोकळी झाले आहे. बराच वेळ उत्तर आलं नाही. भावना अनावर झाल्या असाव्यात.